तारेतला मोडलेला शब्द

बाबांचं कपाट आवरायला म्हणून मी वैशाखात गावी गेले. बाबा जाऊन तीन महिने झाले होते. दोन दिवसांत घर आवरायचं, किल्ली चुलतभावाकडे द्यायची आणि परतायचं, असं ठरवलं होतं. पण दुसऱ्या खणातून तो इंग्रजी शब्दकोश निघाला आणि मी पडवीत बसूनच राहिले.

शब्दकोशावर कव्हरावर कव्हर होतं. वरचं गुळगुळीत, कॅलेंडरच्या कागदाचं. त्याखाली खाकी, त्याखाली पुन्हा खाकी, कडांना काळपट पडलेलं. दर जूनमध्ये माझ्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालून झाली की उरलेला कागद बाबा या शब्दकोशाला घालायचे. जुनं काढायचे नाहीत, त्याच्यावरच नवं. आई मैद्याची खळ शिजवायची. त्या खळीचा कोमट, आंबूस वास आणि बाहेर अंगणात गवताच्या आढीत पिकणाऱ्या आंब्यांचा वास, दोन्ही माझ्या डोक्यात असे एकात एक मिसळलेत की आता वेगळे करता येत नाहीत.

मी 'आर' अक्षराची पानं काढली. रिकव्हर. समासात पेन्सिलची एखादी खूण असेल, बाबांच्या बारीक अक्षरात काही लिहिलेलं असेल, असं वाटलं होतं. काहीच नव्हतं. शब्दापुढे अर्थ ओळीने छापलेले. आजारातून बरे होणे. हरवलेले परत मिळणे. तोल सावरणे. आणि खाली, स्वतंत्र ओळीत, तोच शब्द, पण मध्ये एक छोटी आडवी रेघ घेऊन. त्याचा अर्थ, पुन्हा आच्छादन घालणे.

हल्ली हा शब्द मराठीच झालाय. साथीच्या काळात रोज कुणी ना कुणी रिकव्हर होत होतं. माझ्या फोनमधले फोटो गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, रिकव्हर होतील." लोक सहज बोलून पुढे जातात. मी मात्र दर वेळी क्षणभर मागे राहते. यातला नेमका कुठला अर्थ, असं कुणाला तरी विचारावंसं वाटतं, आणि ज्यांना विचारायचं त्यांना मी कधीच विचारलं नाही.

आमचं गाव कुणकेश्वरच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी. बाबा तिथल्या हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. आमच्या आणि युसुफभाईंच्या घरांच्या मध्ये एक चिऱ्यांचा गडगा होता, कमरेएवढी दगडी भिंत. त्याच्यावरून वाट्या जायच्या, निरोप जायचे, मांजर जायचं. युसुफभाई बोटीवर कामाला होते, मालवाहू बोटीवर. दीड-दोन वर्षांनी घरी यायचे. ते आले की गडग्यापलीकडून साबणाचा एक वेगळाच वास यायचा, लिंबासारखा पण लिंबाचा नाही. त्यांची इंग्रजी चार-पाच शब्दांची. जेवण झालं की "फिनिश". पाऊस थांबला की "फिनिश". बाबा हसायचे. "युसुफ, एका शब्दात संसार चलयतंस रे तू." त्यावर ते म्हणायचे, "मास्तरांनू, बोटीर तेवढीच लागता."

त्यांच्या घरात त्यांची म्हातारी आई, बायको झुबेदाभाभी आणि धाकटी बहीण शमीम. शमीम माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण माझी मैत्रीण तीच. मी नववीची परीक्षा दिली त्या सुट्टीत तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बांद्याचा, आखाती देशात नोकरीला. तो रजेवर आला होता आणि लग्न लावून लगेच परत जाणार होता. पुढची रजा दोन वर्षांनी. युसुफभाईंना लग्नाला येणं जमणार नव्हतं, पण बहिणीसाठी हिरव्या रंगाची चमचमती साडी त्यांनी कुणाबरोबर तरी पाठवली होती. शमीम ती दिवसातून दोनदा उघडून बघायची.

तार आली ती दुपारी. लग्नाला अकरा दिवस होते. मला ऊन आठवतं, पडवीच्या कडेला सोललेल्या फणसाचा चिकट वास आठवतो आणि पोस्टमनची सायकल बेड्याला, अंगणाच्या फाटकाला, टेकल्याचा आवाज. त्याने तार भाभीच्या हातात दिली नाही. तो गडग्याला वळसा घालून सरळ आमच्याकडेच आला. गावात सगळ्या तारा बाबाच वाचायचे. मागोमाग भाभी, शमीम आणि म्हातारी आली. म्हातारीने पायात चप्पलही घातली नव्हती.

आमच्या पोस्टात तार हाताने उतरवून घेत. मी बाबांच्या खांद्यावरून वाचली. मोठ्या अक्षरांत, निळ्या शाईत. युसुफ नॉट येट, आणि मग ओळ संपत आलेली म्हणून 'रि' आणि एक आडवी रेघ. खालच्या ओळीत 'कव्हर्ड'. मग लेटर फॉलोज. एवढंच. पाठवणार बोटीच्या कंपनीचा मुंबईतला एजंट.

मला फक्त कव्हर कळलं. युसुफभाईंना परत कव्हर घातलेलं नाही? माझ्या डोळ्यांसमोर खाकी कागद आला आणि मला हसू फुटणार होतं. मग मी बाबांचा चेहरा पाहिला. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, परत घातला. तार पुन्हा वाचली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला तो फार मोठा वाटतो, पण तो मी नंतर वाढवलेला असू शकतो.

"युसुफ आजारी आसा," बाबा म्हणाले. "अजून बरो जावंक नाय. पत्र येता म्हणान लिवल्यानी."

म्हातारीने तिथेच पायरीवर बसून दोन्ही हात वर केले. शमीम रडायला लागली. भाभी बाबांकडे बघत उभी राहिली.

"काय झालाहा तेंका?" तिने विचारलं.

"ता लिवक नाय."

मी मध्येच म्हटलं, "बाबा, पण कव्हर म्हणजे..."

"आत जा," बाबा म्हणाले. ते माझ्यावर कधी ओरडत नसत. म्हणून मी गेले.

नंतरचे दिवस मला धड ओळीने आठवत नाहीत. सगळ्या वाडीत एकच चर्चा होती, आजार कसला. कुणी म्हणे कावीळ, कुणी म्हणे बोटीवरचं पाणी बाधलं. म्हातारीने दर्ग्यावर चादर बोलली. आमच्या आईने कुणकेश्वराला नारळ बोलला. मी मात्र बाबा बाहेर गेले की शब्दकोश काढायची आणि तो शब्द वाचायची. पहिला अर्थ, बरे होणे. ठीक. त्याखाली दुसरा. हरवलेले परत मिळणे. मग मी पुस्तक मिटायची आणि परत उघडायची, जसा काही मधल्या वेळात अर्थांचा क्रम बदलणार होता.

एका संध्याकाळी मी बाबांना विचारलं. व्याकरणाचं विचारल्यासारखं.

"एका शब्दाचे चार अर्थ असले तर कुठला घ्यायचा?"

"वाक्यावरून कळतं," ते म्हणाले. इंग्रजीबद्दल बोलताना ते नेहमी शाळेतलं शुद्ध मराठी बोलत. "मागचंपुढचं वाचायचं."

"आणि मागेपुढे काहीच नसलं तर?"

ते कंदिलाची काच पुसत होते. पुसत राहिले. "तर थांबायचं," ते म्हणाले.

ते मी किती तऱ्हांनी लावून पाहिलंय. त्यांना माहीत होतं म्हणून ते तसं म्हणाले? की माहीत नव्हतं म्हणून?

आणि त्यातच लग्नाची घाई. गडग्यापलीकडे मांडव उभा राहिला. नारळाच्या झावळ्या विणल्या, बायका तांदूळ निवडायला बसल्या, सांदणांचं पीठ आंबवायला ठेवलं की त्याचा गोडूस वास आमच्या माजघरापर्यंत यायचा. सगळ्यांनी ठरवलं होतं, युसुफ बरा होईलच, तोवर लग्न थांबवायचं नाही. हे सगळ्यात ठामपणे भाभी म्हणाली. "तेंनी साडी धाडल्यानी ती पेटयेत ठेवक काय?"

मेंदीच्या दिवशी बायका ढोलकी घेऊन बसल्या. ऊद जळत होता. भाभी गात होती. तिचा आवाज जाडसर आणि मोकळा, वरच्या पट्टीत गेला की थोडा फाटायचा. माझ्या शेजारची एक बाई पुटपुटली, "नवरो दुखण्यात आणि हिचा बघा." भाभीने ऐकलं असणार. तिने पुढचं गाणं आणखी चढ्या आवाजात म्हटलं.

गाणी संपल्यावर ती मला मागच्या दारी घेऊन गेली. तिच्या दोन्ही तळहातांवर ओली मेंदी होती, म्हणून हात पुढे धरून चालत होती.

"बाय, त्या तारेतलो शब्द माका लिवन दाखय."

मी काटकीने मातीत लिहिला. जसा पाहिला होता तसाच, मध्ये रेघ देऊन.

"ही रेघ कसली?"

"शब्द ओळीत मावलो नाय ना. म्हणान मोडून खालच्या ओळीत नेतत."

"मोडलेलो मागीर जोडूचो?"

"होय. वाचताना जोडूचो."

ती बघत राहिली. मग तिने पायाने माती सारखी केली, नीट, अंगणाला शेवटचा हात फिरवावा तशी, आणि आत गेली. तिच्या घराला त्या शब्दाचा नाद लागला होता, त्यात मला काही वेगळं वाटलं नाही. मी चौदा वर्षांची होते.

लग्न झालं. शमीम ती हिरवी साडी नेसली. जीप बांद्याच्या रस्त्याला लागली तेव्हा भाभी फाट्यापर्यंत चालत गेली होती, एवढं आठवतं. जेवणावळीत बाबांनी पंगतीत वाढायला मदत केली होती, तेही आठवतं. ते जेवले का, हे आठवत नाही.

शमीम जाऊन आठवडा झाला असेल, नवरामुलगा आखातात परत गेला होता, आणि पत्र आलं. टाइप केलेलं, दोन पानांचं. त्यात सगळं स्पष्ट होतं. वादळी समुद्रात युसुफभाई डेकवरून पडले होते. दोन दिवस शोध घेतला होता. तशी एक तार आधीच केली होती, असं कंपनीने लिहिलं होतं. ती पहिली तार आमच्या गावात कधी पोचलीच नाही. जी पोचली ती दुसरी होती, अजून सापडलेले नाहीत हे सांगणारी.

म्हातारीचा आवाज मी लिहू शकत नाही. भाभी इद्दतीला बसली. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. गडग्यावरून फक्त तिच्या चुलीचा धूर दिसायचा.

आणि गावाचा सगळा राग बाबांवर आला. "इंग्रजीचो मास्तर, आणि माणूस मेलो काय दुखण्यात आसा, इतक्या समाजला नाय?" बाजारात, एसटीत, देवळाच्या पायऱ्यांवर तेच. कुणी म्हणालं, अठरा-वीस दिवस म्हातारी मेलेल्याच्या तब्येतीसाठी नमाज पढत होती. युसुफभाईंचे मामा मुंबईहून आले होते, ते आमच्या अंगणात उभे राहून वाटेल ते बोलले. बाबा म्हणाले, "माझी चूक झाली." तीन शब्द. आत जाऊन ते पाणी प्यायले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहिलेला होता, मध्ये हातभर लांब रेघ काढून. बाबांनी तो पुसला आणि धडा पहिला सुरू केला. पोरं त्यांना रिकव्हर मास्तर म्हणू लागली. मी त्यांची मुलगी. मला मधल्या सुट्टीत जायला जागा राहिली नाही.

त्या वर्षी माझ्या पुस्तकांना मी स्वतः कव्हरं घातली. बाबा खळीची वाटी घेऊन शेजारी येऊन बसले होते. मी उठून आत गेले. पुढे कॉलेजात मी गणित घेतलं, कोल्हापूरला गेले, तिथेच नोकरी, तिथेच संसार. बाबांशी बोलायचे, पण प्रकृती, पाऊस, आंबे, एवढंच. ते वाईट माणूस आहेत असं मला कधी वाटलं नाही. ते कच्चे आहेत असं वाटायचं, आणि का कोण जाणे, वाईट असते तर मला सोपं गेलं असतं.

"इलंस गो?"

पडवीत शब्दकोश मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा गडग्यापलीकडून हाक आली. झुबेदाभाभी आता सत्तरीच्या पुढे गेलीय. गुडघे दुखतात, पण आवाज तोच जाडसर. मी गेले. तिने फणसाचे गरे पुढ्यात ठेवले. तिच्या पडवीतून खाडी दिसते. आता मध्ये पुलाचे खांब उभे आहेत, त्यामुळे पाणी कापल्यासारखं वाटतं.

तिने माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. "मास्तरांचा?"

"होय."

"बरो माणूस गेलो," ती म्हणाली. मग ती गऱ्यांतल्या बिया वेगळ्या करू लागली. "बाय, तुका एक सांगूचा आसा. मास्तर होते तोवर तेंनी सांगूक दिला नाय."

मला वाटलं जमिनीचं काही असेल, गडग्याचं.

"तार इली तेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बावडेर पाणी भरीत होतंय. मास्तर इले. म्हणाले, झुबेदा, त्या शब्दाचे दोन अर्थ आसत. एक मी काल सांगलंय. दुसरो सांगूक माझी जीभ उठली नाय. दुसरो म्हणजे, गावलो नाय."

खाडीवरून वारा आला. मी गरा तसाच हातात धरून होते.

"मी इचारलंय, खरो खंयचो? ते म्हणाले, माका ठावक नाय. पण बोटीवाले आजारपणाक तार करीत नाय. ते रडत होते गो. मास्तर आणि रडतत, म्हणान माकाच कसासा झाला."

"मग तू?"

"मी सांगलंय, कोणाक बोलू नकात. शमीमचा लगीन होवंदे. ह्या लगीन मोडला तर तो पोरगो दोन वर्षां येवचो नाय, आणि तवसर कोण थांबता? पत्र येतला तेव्हा बघू. मास्तरांनी डोळे पुसल्यानी. 'बरा' म्हणाले आणि गेले."

मला मेंदीचे ओले हात आठवले. गाणं आठवलं. काय विचारावं कळेना. मी विचारलं ते भलतंच. "तुका काय वाटत होता तेव्हा? ते जिते आसत की..."

भाभी हसली, तोंडात दात फारसे नाहीत तसं. "अजून समाजणा नाय. सकाळी उठलंय की वाटायचा आजारी आसा, बरो होतलो. मेंदी लावताना वाटायचा मी रांड आणि मेंदी लावतंय. गाताना परत जितो. दिवसात दहा वेळा मेलो आणि दहा वेळा उठलो तो. माका इचारशीत तर ते अकरा दिवस काय होते, माका सांगूक येवचा नाय."

"पण नंतर तरी सांगायचं ना लोकांना! बाबांना काय काय बोलले सगळे." मी कधी शुद्ध मराठीत शिरले मला कळलं नाही. आवाज चढला होता.

"मी सांगूक निघालंय होतंय. मामा तुमच्या खळ्यात आरडत होते, तेव्हा मी दारापर्यंत इलंय. मास्तरांनी माका बघल्यानी आणि नको म्हणान मान हलवल्यानी. मागीर तुझ्या आवशीवांगडा निरोप धाडल्यानी. म्हणाले, आता सांगलंस तर लोक म्हणतले, नवरो मेल्याचा ठावक आसान बाई नाचली. ता तुका जन्मभर पुरतला. माका काय, मास्तर इंग्रजीत नापास, इतक्याच."

म्हणजे आईलाही माहीत होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "मला तरी."

भाभीने बी बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. "तू तेव्हा तेंच्याशी बोलत नाय होतंस, बाय."

खाली खाडीत एक होडकं पुलाच्या दोन खांबांमधून चाललं होतं. मला रडू येत होतं का राग, आणि राग आला तर कुणाचा, तेही मला ठरवता येईना. बाबांचा, की भाभीचा, की त्या चौदा वर्षांच्या पोरीचा, जी खळीची वाटी तशीच टाकून आत गेली. चाळीस वर्षं मी ज्या माणसाला कच्चा समजत होते तो माणूसच तिथे नव्हता. जो होता त्याच्याशी मी पाऊस आणि आंबे बोलले. आता त्याला कुठे शोधू?

तेवढ्यात भाभीचा फोन वाजला. पडद्यावर शमीम. केस पांढरे, गालावर चष्म्याच्या खुणा, मागे कुठल्यातरी परदेशी घराची पांढरी भिंत. तिची नातवंडं तिथेच शाळेत जातात. भाभीने फोन माझ्या हातात दिला आणि पदराने तोंड पुसायचं निमित्त करून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत. तिने मान हलवली. अगदी थोडी.

शमीमला अजूनही माहीत नव्हतं.

"कशी आसस गो?" शमीम ओरडूनच बोलली, फोनवर सगळेच बोलतात तशी. "मास्तर गेल्याचा समाजला. माका लय वायट वाटला. देवमाणूस होतो. लग्नात माझ्या पानात सांदणां वाढल्यानी, 'खा, जीपीत भूक लागतली,' म्हणान. इंग्रजी तेवढी पक्की नाय होती बिचाऱ्यांची. त्या तारेचा आठवता तुका?"

भाभी खाली बघून बिया गोळा करत होती.

"आठवता," मी म्हटलं. "होय गो. बाबा इंग्रजीत जरा कच्चेच होते."

शमीम तिकडे हसली. मीही हसले. मग भाभीने फोन माझ्या हातातून घेतला आणि तिला विचारलं, "जेवलंस काय गो?"